चेक इंजिनचा दिवा लागला? सेन्सर विकत घेण्याआधी या चुका टाळा

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-फुलांच्या चौकटीचं) सामान आणायला डिचोली बाजारात निघालो आणि गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला तर कोड पी०११३, म्हणजे आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. लाइव्ह डेटा उघडला, तर हवेचं तापमान उणे ४०. डिचोलीत! भाद्रपदात! इथे रुमाल पिळायची वेळ आली होती.

ओळखीच्या मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला, "सेन्सर गेला, नवा घाला." मी घातला. उणे ४० जसंच्या तसं. मग कधी नव्हे तो कनेक्टर काढून उजेडात धरला, तर एका पिनेवर पितळेच्या समईला चढतो तसा हिरवा कळंक. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दातांच्या जुन्या ब्रशने हलक्या हाताने घासलं, वाळू दिलं. आकडा ३४ वर आला. जुना सेन्सर परत बसवला, तोच आजही चालतोय. नवा कपाटात पडून आहे, कारण दुकानदार इलेक्ट्रिकल वस्तू परत घेत नाहीत.

कोड म्हणजे खराब झालेल्या पार्टचं नाव, ही समजूत सगळ्यात महागात पडते. कोड एवढंच सांगतो की अमुक सर्किटमधून आलेला आकडा ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, पटला नाही. सर्किटमध्ये सेन्सर असतो, वायर असते, पिन असते, अर्थिंग असतं. आपल्याकडे जूनपासून चार महिने पाऊस, पेडण्याच्या किनाऱ्याला बारमाही खारा वारा, आणि पावसात बॉनेटखाली ऊब शोधत येणारे उंदीर. त्यामुळे मी आता आधी वायर आणि पिन बघतो, सेन्सरचा विचार शेवटी.

उणे ४० कसं येतं, हे कळलं की निम्मं काम होतं. ईसीयू सेन्सरकडे ५ व्होल्ट पाठवतो. थंडीत सेन्सरचा रेझिस्टन्स वाढतो, गरमीत कमी होतो. वायर तुटली किंवा पिन लागेनाशी झाली की रेझिस्टन्स अमर्याद, आणि ईसीयूला वाटतं बाहेर बर्फ पडतोय. कूलंटच्या सेन्सरचा पी०११८ हाही त्याच जातीचा. म्हणजे गोव्यात उणे ४० दिसलं तर सर्किट कुठेतरी उघडं आहे. सेन्सर आतून तुटला असेल तरीही हाच आकडा येतो, म्हणून पुढची चाचणी.

इग्निशन बंद करून कनेक्टर काढा. वायरकडच्या दोन पिना कागदाच्या क्लिपने जोडा, मग इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका. आकडा उडी मारून शंभराच्या वर गेला तर वायर आणि ईसीयू ठीक, सेन्सर तपासा. जागचा हलला नाही तर दोष वायरीत, पिनेत किंवा क्वचित ईसीयूत. पण हे फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर करायचं. तीन किंवा चार वायरींच्या सेन्सरवर क्लिप लावली आणि ५ व्होल्टची लाइन अर्थ झाली, तर त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सरही एकदम आंधळे होतात.

क्लिपही नको असेल तर आणखी सोपं: रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी फक्त इग्निशनवर आणा. कूलंट, आतली हवा आणि बाहेरची हवा, तिन्ही तापमानं दोन-चार अंशांच्या फरकात असायला हवीत. जो आकडा वेगळं बोलतो, त्याच्या मागे लागा.

दुसरी खोड म्हणजे दिसला कोड की पुसला. कोडबरोबर फ्रीज फ्रेमही पुसली जाते. कोड पडला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिन थंड की गरम, हे सगळं त्यात असतं. मोबाइलवर आधी स्क्रीनशॉट घ्या. बॅटरीची तार काढून दिवा घालवणं तर त्याहून वाईट. शिकलेलं फ्युएल ट्रिमही (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त सोडतो तो हिशोब) जातं आणि गाडी काही दिवस आयडलला, म्हणजे उभ्या जागी इंजिन चालू असताना, अडखळते.

पी०१७१ आला की ऑक्सिजन सेन्सर बदलायची घाई होते. तो बिचारा फक्त सांगतोय की हवा-पेट्रोलच्या मिश्रणात हवा जास्त आहे. आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला ट्रिम अधिक २० टक्के आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर मोजमाप चुकवून हवा कुठूनतरी शिरतेय. फुटका होज (रबरी नळी) शोधा. आमच्याकडे तो उंदरानेच कुरतडलेला होता. लोड वाढताना ट्रिमही वाढत असेल तर फ्युएल फिल्टर, पंप बघा.

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम आले तर आधी बॅटरी मोजा. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत बहुधा १३.५ ते १४.५.

दसऱ्याला पूजेआधी इंजिनवर प्रेशरने पाणी मारू नका. वायरला सुई टोचून व्होल्टेज बघू नका. त्या भोकातून खारी हवा शिरते आणि वर्षभराने तांबं आतून काळं पडतं. स्कॅनर सॉकेटमध्ये विसरू नका, बॅटरी उतरते.

दिवा नुसता लागून राहिला आणि तापमान, ऑइलचा दिवा ठीक असेल तर सावकाश घरी या. पण तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होतो. अशा वेळी बेळगावला जायचं म्हणून चोर्ला घाट चढू नका. साखळीतच गाडी बाजूला लावा आणि टोइंगवाल्याला फोन करा.