'टँक' आपल्या टाक्यातून आला का? शब्दाचं कूळ असं तपासा

मे महिन्यात वाडीवर टँकर येतो आणि टाकीत पाणी ओततो. टँकर इंग्रजी, टाकी मराठी, म्हणजे इंग्रजांनी शब्द आपल्याकडूनच उचलला, असं रायगड उतरता उतरता कुणीतरी छातीठोक सांगतंच. वर बारा टाकी बघून आल्यावर तसं वाटणारच. पण नुसत्या आवाजावर गेलात तर उद्या टकमक टोकही टाक्याच्या खात्यात जमा होईल.

आधी अर्थ काळाच्या क्रमाने लावा. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या तलाव-कुंडांसाठी दिसतो. त्याच शतकात पुढे द्रव साठवायचं मोठं भांडं हा अर्थ आला. रणगाडा सगळ्यात धाकटा. पहिल्या महायुद्धात हे वाहन गुप्तपणे बनवताना, बघणाऱ्याला पाण्याची टाकी वाटावी म्हणून ते नाव दिलं. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत रणगाडे पहिल्यांदा उतरले आणि नाव कायमचं चिकटलं. कूळ शोधताना धाकटे अर्थ बाजूला ठेवायचे, सगळ्यात जुना तेवढा हातात घ्यायचा.

मग कोश. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत 'टाकं' शोधत बसू नका, जुन्या लेखनाप्रमाणे 'टांकें' असं अनुस्वार देऊन बघा. जवळच 'टांकी' भेटेल, पण ती पाथरवटाची. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' मधली. दोन नोंदींची सरमिसळ करू नका. इंग्रजी बाजूसाठी १८८६ चा हॉबसन-जॉबसन, म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांचा कोश, उघडा. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

बहुतेकांचा पाय घसरतो तो पुढच्या पायरीवर. कातळात खोदलेली टाकी दोन हजार वर्षांची, म्हणून शब्दही तेवढाच जुना, असं गृहीत धरलं जातं. कान्हेरीला लेण्यांशेजारची टाकी बघा: कातळात तासलेला चौकोनी खड्डा, वर आखूड तोंड, आत छिन्नीचे तिरपे वण. दान देणाऱ्यांनी तिथल्या ब्राह्मी लेखांत त्याला नाव दिलंय 'पोढी'. वस्तू तीच, शब्द वेगळा. वस्तूचं वय शब्दाला लावता येत नाही.

आता वाट. शब्द इंग्रजीत बहुधा पोर्तुगीजांमार्फत गेला. चौल-वसईला ते इंग्रजांच्या कितीतरी आधी ठाण मांडून होते. पण त्यांच्याकडे 'तांक' होताच. वास्को द गामाच्या १४९८ च्या पहिल्याच सफरीच्या रोजनिशीत कालिकतच्या देवळाजवळच्या कुंडाला 'तांक' म्हटलंय. किनाऱ्यावर नुकतीच उतरलेली माणसं बिनदिक्कत वापरतात तो शब्द घरून आणलेला असणार. पोर्तुगीजात पाणी अडवणं म्हणजे 'एश्तांकार', 'तांक' त्यातूनच निघाल्याचं मानतात. उलट गुजराती-मराठी टांकंही पोर्तुगीजांकडून घेतलेलं वाटत नाही. सारख्या आवाजाचे, सारख्या अर्थाचे दोन शब्द या किनाऱ्यावर भेटले आणि एकमेकांना बळ देत गेले, हेच आम्हाला पटतं.

वहीत नोंद अशी करा: 'टँक, इंग्रजी, सतरावं शतक, पोर्तुगीज तांक आणि गुजराती-मराठी टांकं, दोन्हींचा हात, दोहोंचं मूळ एक असल्याचा पुरावा नाही.' 'टँकर' मात्र सरळ इंग्रजीतून आलेला, त्याची नोंद वेगळ्या पानावर.