दहा-वीस गुंठ्यांचा भाजीपाला: खुरपणीतले दिवस वाचवायचे असतील तर आधी थांबा

सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं की आठवडी बाजारासाठी भाजी करणाऱ्यांना एकच घाई असते, बी कधी एकदा जमिनीत पडतंय याची. माझं सांगणं उलटं आहे. वाफे तयार करा, पाणी द्या आणि दहा-बारा दिवस त्यात काहीच पेरू नका.

वरच्या थरात पडून असलेलं तणाचं बी या ओलीवर उगवून येतं. तण दोन पानांवर आलं की वाफसा (माती ओलसर, पण हाताला न चिकटणारी) बघून धारदार खुरप्यानं किंवा कोळप्यानं वरवर खरवडून घ्या, इंच-सव्वा इंचाच्या खाली जाऊ नका. इथेच बहुतेकांची चूक होते. एवढं थांबून शेवटी पुन्हा कुदळ किंवा रोटाव्हेटर घातला, तर खालचं नवं बी वर येतं आणि थांबणं वाया जातं. हाताशी वेळ असेल तर दुसरं पाणी देऊन तेच परत करा. मेथी, कोथिंबीर, पालक, गाजर यांना याचा सर्वांत जास्त फायदा, कारण दाट पिकात एकेक काडी वेचणं हेच सर्वांत वेळखाऊ काम. लव्हाळा आणि हरळी मात्र याला दाद देत नाहीत. ती जमिनीतल्या गाठींतून आणि काशांतून (आडव्या खोडांतून) फुटतात, लव्हाळा तर वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपरही भोकसून वर येतो. असं रान पालेभाजीला देऊच नका.

दुसरी गोष्ट मापाची. सगळे वाफे एकाच लांबी-रुंदीचे करा. आमच्याकडे पूर्वी बांधाच्या वळणाप्रमाणे कुठं चाळीस फूट, कुठं साठ फूट असा कारभार होता. दर हंगामात लॅटरल (ठिबकची नळी) कापा, जोडा, पेपर पुरतो का बघा, यातच सकाळ जायची. आता मधल्या अंतरासह चार फुटी गादीवाफा, लांबी ५० फूट. गुंठ्यात असे पाच बसतात. खताचं माप वाफ्यागणिक ठरलेलं, म्हणजे घरातलं कोणीही टाकू शकतं. चार फुटी मल्चिंग पेपरच्या ४०० मीटरच्या रोलमध्ये, टोकं मातीत दाबायला धरून, पंचवीस वाफे झाकतात. टोमॅटो दीड फुटावर लावला तर वाफ्याला ३४ रोपं, वीस वाफ्यांना ६८०. ९८ कप्प्यांचे सात ट्रे जेमतेम पुरतात, मर-तूट धरून आठ भरा. हा हिशेब एकदा वहीत लिहिला की पुढच्या हंगामात डोकं लावावं लागत नाही.

रोपं ट्रेमध्येच करा. कोकोपीट भिजवून भरायचं, बी टाकून ट्रे एकावर एक रचायचे, वरून प्लास्टिक झाकायचं आणि कोंब दिसताच लगेच पसरायचे. एक दिवस उशीर झाला तर रोपं पांढरी, लांबुळकी होतात. टोमॅटो २५ ते ३० दिवसांत तयार होतो, मिरचीला ३५ ते ४० दिवस लागतात. लावणीआधी तीन-चार दिवस पाणी कमी करा, पण उपटण्याच्या दिवशी ट्रे चांगला भिजवा, म्हणजे मुळांचा गड्डा अखंड निघतो.

आता अवजारं. एवढ्याशा क्षेत्राला पॉवर वीडर (तण काढायचं इंजिनाचं यंत्र) विकत घ्यावा असं मला वाटत नाही. वळायला जागा नसते, लॅटरल गुंडाळली जाते. लागलाच तर भाड्यानं आणा. सायकल कोळपं, म्हणजे हातानं ढकलायचं चाकाचं कोळपं, मात्र घराघरात हवं. उभ्यानं चालतं, कंबर वाचते. त्यासाठी पेरणी ओळीत हवी. कोळप्याची पास (पातं) सहा इंची असेल तर ओळींत दहा-बारा इंच अंतर ठेवा. तण पांढऱ्या दोऱ्यासारखं असतानाच, ऊन असलेल्या सकाळी फिरवा. उपटलेलं दुपारपर्यंत वाळून जातं. वीतभर तणात कोळपं ढकलून ‘हे काही कामाचं नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पाशीला आणि खुरप्याला दर दोन दिवसांनी कानस मारा. बोथट खुरप्यानं तण तुटतं, निघत नाही.

ठिबकला व्हेंचुरी (पाण्याबरोबर विरघळलेलं खत ओढून घेणारा जोड) जोडली की खत द्यायला वेगळा माणूस लागत नाही. फक्त कॅल्शियम नायट्रेट हे फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खतांबरोबर एकाच टाकीत कालवू नका. साका बसतो, ड्रीपर बुजतात. दाट पालेभाजीला रेन पाइप (बारीक छिद्रांतून पाणी फवारणारा पाइप) सोयीचा.

कोथिंबिरीचे धने रगडून दोन फाका करा, बारा तास भिजवा आणि सावलीत सुकवून पेरा. दर बाजाराला माल हवा म्हणून बरेच जण दर आठ दिवसांनी पेरतात. पण जसजशी थंडी वाढते तसतशी उगवण आणि वाढ मंदावते, त्यामुळे आठ दिवसांच्या अंतरानं पेरलेलं पीक दहा-बारा दिवसांच्या अंतरानं निघतं आणि मधला एक बाजार रिकामा जातो. म्हणून नोव्हेंबरपासून पेरण्यांमधलं अंतर पाच-सहा दिवसांवर आणा. फेब्रुवारीत उलट होतं, तेव्हा वाढवा.

काढणीत वेळ जातो तो चालण्यात. क्रेट बांधावर ठेवू नका, वाफ्याच्या मध्यावर ठेवा. मेथी उपटतानाच हातातल्या हातात जुडी बांधा. घरी ढीग नेऊन पुन्हा निवडत बसलं तर पानं दोनदा हाताळली जातात आणि पिवळी पडतात. रबर बँड मनगटात घालून ठेवले की सुतळी शोधायला नको. कापायच्या पालकाला दातेरी विळा वापरा. माल पहाटेच काढा, ओल्या गोणपाटानं झाका आणि क्रेट सावलीतच भरा.

अनुदानावर अवजार घ्यायचं असेल तर आधी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच दुकानात जा. आधी घेतलेल्या अवजाराचं बिल नंतर चालत नाही.