बोअर पुनर्भरणाचा खड्डा तुंबतो, मोटारीला गढूळ पाणी येतं: माझा अनुभव

लातूरकडची काळी जमीन, 1000 चौरस फूट छत, त्याचं पावसाचं पाणी खडी-वाळूतून गाळून बोअरमध्ये उतरवायला (हेच पुनर्भरण) बोअरभोवती 6 × 6 × 8 फूट खड्डा. लक्षण: पाऊस थांबून चार दिवस झाले तरी खड्ड्यात पाणी उभं, मोटारीला गढूळ पाणी. वाळूचा थर खरवडला, खडी वाढवली, दोन्ही फुकट. वैताग आला.

खरं कारण अंगणातल्या पाण्यासोबत येणारा काळ्या मातीचा गाळ. तो वाळूवर साय धरतो. शिवाय वाळूखाली जाळी नसल्याने बारीक वाळू थेट केसिंगच्या (बोअरच्या पाइपच्या) भोकांपर्यंत उतरत होती.

आधी खड्ड्याभोवती 9 इंचांचा कठडा बांधून अंगणाचं पाणी तोडलं. सगळा माल उपसून धुतला. केसिंगला खालच्या 4 फुटांतच 5 मिमीची भोकं ठेवली, त्यावर नायलॉन जाळीचे दोन वेढे. मग 4 फूट धोंडे, 2 फूट 40 मिमी खडी, 1 फूट 20 मिमी खडी, त्यावर पुन्हा जाळी (हीच घालायची राहून जाते!) आणि वर 9 इंच वाळू.

छताच्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) लावून 200 लिटरचा ड्रम जोडला. पहिल्या साधारण 2 मिमी पावसाची घाण त्यातच अडते. ड्रम भरला की पुढचं पाणी खड्ड्यात. तळाची तोटी थेंबथेंब चालू ठेवावी, नाहीतर पुढच्या सरीला ड्रम भरलेलाच. न्हाणीचं पाणी इकडे सोडू नका, ते केळीला द्या.