रियाजाचं रेकॉर्डिंग: सूर नीट ऐकू यावा म्हणून

रियाज फोनवर रेकॉर्ड केला की बहुतेक वेळा तानपुराच मोठा येतो आणि आपला सूर कुठे उतरला ते कळत नाही. उपाय सोपा आहे.

१. तानपुऱ्याचं अ‍ॅप एका फोनवर, रेकॉर्डिंग दुसऱ्यावर. घरात पडलेला जुना फोन चालतो.

२. तानपुरा स्पीकरला जोडा. काळी १ मध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची तार, सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो जवळजवळ येतच नाही.

३. स्पीकर पाठीमागे ठेवा. रेकॉर्डिंगचा फोन समोर हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर, म्हणजे पेटी ठेवल्याचा किंवा मांडीवरच्या तालाचा दणका जमिनीतून त्यात शिरत नाही. फ्लाइट मोड लावा.

कोथरूड, कर्वेनगरला रस्त्याकडेचा फ्लॅट असेल तर पहाटेच उरकलेलं बरं; एकदा पीएमपीच्या बस आणि रिक्षा सुरू झाल्या की मंद्रातलं, म्हणजे खालच्या सप्तकातलं, काही ऐकू येत नाही.

ऐकायचं मात्र दुसऱ्या दिवशी, कान ताजा असताना. दहा मिनिटांची आलापी पुरते. पहिल्यांदा फक्त सूर ऐका: यमन असेल तर तीव्र मध्यमावरून पंचमावर येताना पंचम पूर्ण लागतोय का, की थोडा खालीच राहतोय? समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, दुसऱ्या वेळी लक्ष द्या. दोन्ही एकदम तपासायला गेलं की माझ्या मते दोन्ही निसटतात.

एक काळजी घ्या: दोन्ही कानांत हेडफोन घालून गाऊ नका. स्वतःचा आवाज दबल्यासारखा वाटतो आणि नकळत गळा ताणला जातो.