चुंडन वळ्ळम : शर्यतीची लाकडी नौका बांधताना

केरळातील आलप्पुळ्याच्या पुन्नमडा सरोवरात 1952 पासून होणाऱ्या शर्यतींमुळे ख्यातनाम झालेली चुंडन वळ्ळम ही नौका शंभराहून अधिक फूट लांब असते, म्हणून पहिला कस लाकडाच्या निवडीतच लागतो. फणसाच्या कुळातील आंजिलीचे सरळ, गाठ नसलेले खोड घ्यावे, कारण पाण्यात ते सहसा कुजत नाही आणि त्याच्या लांब फळ्या निघतात.

नौका प्रथम साच्यावर पालथी बांधतात. तळाची फळी बसल्यावर बाजूच्या फळ्या थोड्या थोड्या वाकवत जोडाव्यात. येथे घाई मुळीच करू नये. फळीच्या कडेला काजळी लावून ती शेजारच्या फळीवर दाबून पाहावी; जिथे काळा डाग उमटणार नाही तिथे फट आहे असे समजावे आणि डाग पडलेला उंचवटा रंध्याने हलकेच उतरवून दोन्ही कडा सर्वत्र टेकेपर्यंत पुन्हा पुन्हा पडताळावे. माझ्या मते मेस्त्रीचे खरे कौशल्य कोरीवकामापेक्षा या सांध्यांत दिसते.

सांधे राळ आणि तेलाने बुजवून सांगाडा उलथवून सुलटा करावा. या कामाला पुष्कळ माणसे लागतात आणि ते विधिपूर्वकच केले जाते. त्यानंतर आतले आडवे दांडे, वल्हेकऱ्यांच्या बैठका आणि सुमारे वीस फूट उंच उचललेली पिछाडी बसवावी. शर्यतीपूर्वी तळाला माशाचे तेल चोळावे, म्हणजे लाकूड टिकते आणि पाण्याचा अडथळाही कमी होतो.