ओबी डम्पवर जंगल उभं करायचंय? कोळसा खाणींच्या जमिनीवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

ओबी डम्प म्हणजे कोळशावरचे माती-दगड काढून रचलेला ढीग. चंद्रपूर, वणी, बल्लारपूर, उमरेड या पट्ट्यात खाणीच्या जमिनीवर काम करायला येणारी मुलं बहुतेक वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र नाहीतर वनविद्या शिकलेली असतात. आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: झाडं कोणती लावायची? खरं तर हा प्रश्न चौथा. आधी उतार, मग पाणी, मग माती आणि त्यानंतर झाड. डम्पवर मेलेल्या रोपांचं कारण शोधायला गेलं की ते बहुतेक वेळा या पहिल्या तीन गोष्टींतच सापडतं.

कोळसा खाण विनियम २०१७ नुसार ढिगाचा उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि ३० मीटरपेक्षा उंच ढिगाला टप्पे पाडावे लागतात. ही मर्यादा ढीग कोसळू नये म्हणून आहे. तेवढ्या उतारावर माती आणि बी टिकत नाही. झाडोरा हवा असेल तर एकूण उतार २८ अंशांच्या आत आणा. पर्यावरण मंजुरीच्या अटींतही बहुधा हाच आकडा असतो. प्रत्येक टप्पा थोडा आत, ढिगाच्या बाजूला कललेला हवा आणि आतल्या कडेला गटार हवं. टप्पा बाहेर कलला की जुलैच्या पहिल्या जोरदार पावसात पाणी कडेवरून उतरतं, घळी पडतात आणि वर्षभराची लागवड पायथ्याशी येऊन पडते. टप्प्यांवरचं पाणी खाली आणायला दगडी पिचिंगचे (दगड बसवलेले) उतार-नाले, पायथ्याला जाळीबंद दगडांची भिंत, भोवती गटार आणि शेवटी गाळ बसवायचं तळं, एवढं सगळं लागतं. तळ्यातला गाळ मे महिन्यातच काढा.

सगळ्यात जास्त नुकसान मातीचं होतं. वरची माती वेगळी काढून ठेवायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती दहा-बारा मीटर उंच रचून वर्षानुवर्षं ठेवली की आत हवा पोचत नाही. सूक्ष्मजीव आणि गवताचं बी मरतं, मग उरते ती नुसती भर. ढीग ३ मीटरच्या आत ठेवा आणि त्यावर लगेच स्टायलोसारखं द्विदल (शेंगवर्गीय चारापीक) पेरा. त्याहून चांगलं म्हणजे साठवूच नका. एका बाजूला काढलेली माती त्याच हंगामात तयार झालेल्या टप्प्यावर पसरा. आपल्याकडची काळी माती ओली असताना पसरली आणि तिच्यावरून डोझर फिरला तर ती विटेसारखी घट्ट होते. शिवाय तीव्र उतारावर नुसती काळी माती पावसात फुगून घसरते, म्हणून तिच्यात मुरूम मिसळावा.

डम्पर फिरून दबलेला माथा हा दुसरा शत्रू. मातीची घनता दर घनसेंटिमीटरला १.६ ग्रॅमच्या वर गेली की बहुतेक मुळं अडतात. रोप दोन वर्षं हिरवं दिसतं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात जातं, कारण त्याचं मूळ खड्ड्याबाहेर पडलेलंच नसतं. यावर उपाय म्हणजे डोझरच्या रिपरने (मागे लावलेल्या लोखंडी दात्याने) समतल रेषेवर ६० ते ९० सेंटिमीटर खोल फाडणी. अमेरिकेत ॲपलाचियाच्या खाणींवर जंगल उभं करणारी मंडळीही किमान १.२ मीटर सैल थर मागतात. पहार घेऊन चाला, जिथे ती आत जात नाही तिथे लावू नका.

कोळशाचा चुरा आणि काळा शेल (पापुद्र्यांचा चिखली खडक) मिसळलेला भाग आतून पेटतो. पावसात वाफ निघते आणि गंधकाचा वास येतो. असा भाग उकरून काढा किंवा चिकणमातीने दाबून हवा बंद करा. त्याआधी तिथे रोप लावणं म्हणजे पैसे जाळणं.

मग लागवड. खड्डे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, एप्रिल-मेमध्ये घेऊन तापू द्यायचे आणि शेणखत किंवा साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) घालून भरायचे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विदर्भातल्या खाणींवर मळी, रायझोबियम व ॲझोटोबॅक्टर हे नत्र पुरवणारे जिवाणू आणि मायकोरायझा ही मुळांना साथ देणारी बुरशी एकत्र वापरून दाखवलं आहे. ते पद्धतशीर वाचा. पहिल्या वर्षी गवत आणि द्विदल, त्यांच्या आधाराने हिवर, खैर, बाभूळ, करंज, शिसू, सीताफळ, बोर. मोह, तेंदू, जांभूळ, उंबर यांची घाई करू नका. पिशवीत मुळं गुंडाळलेली रोपं परत पाठवा. दुसऱ्या पावसाळ्यात नांग्या भरा, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावा. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ लवकर हिरवं करतात म्हणून आकडे छान दिसतात, पण त्यांच्याखाली दुसरं काही येत नाही. आमचा त्यांना ठाम विरोध आहे.

इथून वन्यजीवांचा भाग सुरू होतो. हेक्टरी २,५०० रोपं सलग लावली की गवत संपतं, आणि गवत नाही तिथे चितळ नाही. मोकळे गवताचे तुकडे ठेवा, तिथे पवना आणि मारवेल ही गवतं पेरा. दगडांचे ढीग सरड्या-सापांसाठी राहू द्या. लोकवस्तीपासून दूर एखादा मऊ मातीचा उभा काठ तसाच सोडला तर वेडा राघू आणि खंड्या त्यात बिळं करतात. पाणी साठलेल्या खाणीच्या खड्ड्याची निदान एक बाजू चारास एक अशा उतारावर आणून उथळ काठ करा. उभ्या भिंतीच्या पाण्यात पडलेलं जनावर बाहेर येऊ शकत नाही.

पण जागा पाहून. चंद्रपूरजवळचा दुर्गापूर, ऊर्जानगर हा भाग ताडोब्याला लागून आहे आणि वेड्या बाभळीची दाट जाळी वसाहतीपर्यंत येते. २०२२ मध्ये तिथे वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. अशा ठिकाणी वस्तीकडच्या पट्ट्यात झुडपं नकोतच. तिथे चारा, फळबाग किंवा सौर पॅनेल घ्या आणि दाट झाडी जंगलाच्या बाजूला, जंगलाला जोडून वाढवा. हा नकाशा गावकऱ्यांबरोबर आणि वनविभागाबरोबर बसूनच काढायचा. गुरं कुठून येतात, सरपण कुठून नेतात हे त्यांनाच माहीत असतं.

कामाच्या वाटा: वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या) खाणींवरची बरीच लागवड वन विकास महामंडळ करतं, उपग्रह चित्रांवरून पडताळणी सीएमपीडीआय ही कोल इंडियाची नियोजन संस्था करते, आणि पर्यावरण मंजुरीचे अहवाल नाबेट या मान्यता मंडळाने मान्यता दिलेल्या सल्लागार संस्था बनवतात. तिघांकडेही क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) आणि माती परीक्षण येणारा माणूस लागतो. खाण बंद करण्याबाबतच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये एस्क्रो खात्यात (अटी पूर्ण होईपर्यंत राखून ठेवलेल्या खात्यात) भरणं बंधनकारक केलं, आणि पुढे टप्प्याटप्प्याने झालेलं काम तपासून त्यातली रक्कम परत मिळण्याची सोय झाली. म्हणून खाण बंद करण्याचा आराखडा मिळवून ओळ न् ओळ वाचा. मंजूर काय आणि जागेवर काय, यातला फरक टिपता आला की तुम्ही कामाचे. आणि जगलेली रोपं मोजताना न लावलेली, आपोआप उगवलेली रोपंही वेगळ्या रकान्यात लिहा.