उन्हात भरकटणारा लाइन फॉलोअर असा सुधारला

आमचा लाइन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरची पट्टी धरून चालणारा रोबो, ट्यूबलाइटखाली काळी पट्टी अचूक धरायचा, पण जुळे सोलापुरातल्या घराच्या व्हरांड्यात नेला की वळण सोडून थेट भिंतीकडे. त्याचे सेन्सर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या परावर्तनावरून पट्टी ओळखतात; उन्हातही इन्फ्रारेड असतंच, आणि सोलापूरचं ऊन म्हणजे विचारायलाच नको! सिरियल मॉनिटरवर (सेन्सरचे आकडे कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी) काळ्याचं आणि पांढऱ्याचं रीडिंग जवळजवळ सारखंच दिसत होतं. सेन्सरभोवती काळ्या कार्डशीटची झालर लावली, जमिनीला घासणार नाही इतपतच वर. शिवाय सुरुवातीला रोबो पट्टीवर डावी-उजवीकडे फिरवून कमाल-किमान रीडिंग घेणारा कोड टाकला. मग गाडी रुळावर आली.

बॅटरीकडेही बघा. दोन लिथियम-आयन सेल एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडून पूर्ण भरले की ८.४ व्होल्ट, वापरात ते उतरत जातात; वेग बदलतो आणि जमवलेलं पीआयडी (पट्टीपासून किती सरकलो ते बघून वळण दुरुस्त करणारं गणित) बिघडतं. म्हणून सराव भरलेल्या आणि उतरलेल्या, दोन्ही सेलवर कराच.